मर्यादा आणि अतिरेक : मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्यातील प्रतिष्ठा, निष्ठा आणि प्रेम

मध्ययुगीन फ्रेंच वीरकाव्याच्या समीक्षेत 'देमझ्यूर' ही संज्ञा वारंवार भेटते. 'मझ्यूर' म्हणजे माप, प्रमाण, मर्यादा. तिचा अभाव किंवा तिचे उल्लंघन म्हणजे 'देमझ्यूर'. मराठीत तिच्यासाठी 'मर्यादातिक्रम', 'उन्माद', 'अहंकार' असे पर्याय सुचू शकतात. परंतु मर्यादातिक्रमात नियमभंगाचा, उन्मादात विवेकभ्रंशाचा आणि अहंकारात दुर्गुणाचा अर्थ गृहीत धरलेला असतो. मूळ कल्पना याहून अधिक गुंतागुंतीची आहे. ज्या गुणासाठी समाज वीराला गौरवितो, तोच गुण कोठेही न थांबता वाढत गेला म्हणजे जे घडते, त्याला देमझ्यूर म्हणतात. म्हणून प्रस्तुत लेखात 'अतिरेक' हाच साधा शब्द योजिला आहे.

हा अतिरेक वीराच्या स्वभावातील दोष मानावा, की त्याच्या थोरवीचेच दुसरे नाव मानावे, हा या काव्याच्या अभ्यासातील जुना वाद आहे. तो केवळ शब्दार्थाचा वाद नाही. रोलाँला अपराधी समजून वाचले तर त्याचे काव्य एका चुकीच्या प्रायश्चित्ताची कथा होते. हुतात्मा समजून वाचले तर तीच बलिदानाची गाथा ठरते. या लेखाचे म्हणणे असे, की हा प्रश्न वीराच्या मनापुरता मर्यादित ठेवल्याने वादाचा निकाल लागत नाही. या काव्यांत मर्यादेची जाणीव करून देणारा आवाज प्रत्येक वेळी उपस्थित असतो. तो बहुधा बरोबरही असतो. मात्र त्याच्या हाती अधिकार नसतो. अतिरेकाचे मूळ या अधिकारशून्यतेत शोधावे लागते.

१

'शाँसों द झेस्त' या नावाने ओळखली जाणारी ही काव्ये प्रामुख्याने अकराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंत रचली गेली. त्यांपैकी सुमारे शंभर आज उपलब्ध आहेत. 'झेस्त' या शब्दाचे मूळ कृत्ये किंवा पराक्रम या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. पुढे त्याला कुळ, वंश असाही अर्थ प्राप्त झाला. पराक्रम आणि कुळ यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे, कारण या वीराची कृती एकट्याची कधीच नसते. तिचा यशापयशाचा वाटा साऱ्या कुळाच्या पदरी पडतो. ही काव्ये झोंग्लर नावाचे फिरते गायक श्रोत्यांपुढे सादर करीत. वीराला आपल्या कीर्तीची जी चिंता असते, ती प्रत्यक्षात या गायकांच्या मुखी आपण कोणत्या रूपाने राहू, याची चिंता असते.

काव्यांची पार्श्वभूमी सरंजामी समाजाची आहे. मांडलिक आपले जोडलेले हात स्वामीच्या हातांत देऊन त्याचा माणूस होतो. स्वामी त्याला जहागीर आणि संरक्षण देतो. हा संबंध परस्परांचा असतो. स्वामीने अन्याय केला तर मांडलिकाला जाहीरपणे निष्ठा परत घेण्याचा, म्हणजे उघड आव्हान देऊन वैर पत्करण्याचा, मार्ग मोकळा असतो. याशिवाय रक्ताचे नाते, दत्तकासारखे पालनाचे नाते, शस्त्रबंधुत्व आणि ईश्वराशी असलेले नाते अशी अनेक बंधने एकाच माणसावर असतात. प्रत्येक बंधन न्याय्य असते. पेच निर्माण होतो तो दोन न्याय्य बंधने एकमेकांसमोर उभी राहिली म्हणजे. त्यांतील श्रेष्ठ कोणते, हे निर्णायकपणे सांगण्याची शक्ती ज्या राजाजवळ असावयास हवी, तो या काव्यांत वृद्ध, साशंक, पक्षपाती किंवा दुबळा असतो.

२

'रोलाँचे गीत' हे या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध काव्य. इ. स. ११०० च्या आसपास रचले गेलेले हे सुमारे ४,००० ओळींचे काव्य ऑक्सफर्ड येथील बाराव्या शतकातील हस्तलिखितात आढळते आणि १८३७ मध्ये फ्रांसिस्क मिशेल यांनी ते प्रथम छापून प्रसिद्ध केले. त्यामागील इतिहास अगदी त्रोटक आहे. १५ ऑगस्ट ७७८ रोजी स्पेनहून परतणाऱ्या शार्लमेनच्या सैन्याच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वतात बास्क लोकांनी हल्ला केला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट मृतांमध्ये ब्रिटनीच्या सीमेवरील अधिकारी रोलाँ याचे नाव देतो. काव्याने बास्कांच्या जागी सारासेनांचे अफाट सैन्य आणले आणि चकमकीचे धर्मयुद्ध केले.

कथेचा केंद्रबिंदू हस्तिदंती रणशिंग आहे. सावत्र पिता गानलों याच्या कारस्थानामुळे रोलाँ वीस हजार योद्ध्यांसह पिछाडीला अडकतो. शत्रूचे बळ पाहून त्याचा मित्र ऑलिव्हिए पुनःपुन्हा विनवितो, की शिंग फुंकून शार्लमेनला परत बोलाव. रोलाँ प्रत्येक वेळी नकार देतो. त्याची कारणे ध्यानात घेण्याजोगी आहेत : आपल्या कुळाला दूषण लागेल, फ्रान्सचे नाव खाली जाईल आणि आपली निंदा करणारी गीते गायिली जातील. येथे स्वतःच्या प्राणाची गणना नाही, परंतु सोबतच्या वीस हजारांच्या प्राणांचीही नाही.

पुढे साठच योद्धे उरतात तेव्हा रोलाँ स्वतः शिंग फुंकावयास निघतो आणि आता ऑलिव्हिए विरोध करतो. त्याचा राग इतका तीव्र आहे, की आपली बहीण ओद तुझ्या मिठीत कधीच येणार नाही, असे तो बजावतो. शौर्य आणि अविचार या दोन वेगळ्या गोष्टी असून मर्यादा ही अविवेकापेक्षा मोलाची आहे, हा विचार तो याच प्रसंगी मांडतो. वादाचा निकाल आर्चबिशप तुर्पँ देतो. शिंग फुंकून आता जीव वाचणार नाहीत. परंतु शार्लमेन येऊन सूड घेईल आणि मृतदेहांना पवित्र भूमीत मूठमाती मिळेल. रोलाँ इतक्या जोराने शिंग फुंकतो, की त्याच्या कानशिलाची शीर फुटते. शत्रूच्या शस्त्राने त्याला मृत्यू येत नाही. ज्या शिंगाला त्याने आधी नकार दिला, त्याच्याच फुंकरीने येतो. नकारात जो अतिरेक होता, तोच होकारातही आहे.

शिंगाचा आवाज ऐकून शार्लमेन थबकतो, तेव्हा गानलों त्याला अडवितो. एका सशासाठीही रोलाँ दिवसभर शिंग फुंकीत बसेल, असे म्हणून तो रोलाँच्या बेफिकिरीचा दाखला देतो. आज्ञेवाचून त्याने पूर्वी एक नगर जिंकल्याचीही आठवण करून देतो. याचा अर्थ रोलाँवरचा अतिरेकाचा आरोप काव्यात दोघे जण करतात : त्याचा जिवलग मित्र आणि त्याचा घात करणारा. मित्र करतो तो दुःखाने, द्रोही करतो तो मदत पोचू नये म्हणून. एकच आरोप सत्य असू शकतो आणि शस्त्रही असू शकतो, हे कवीने किती सहजपणे दाखविले आहे! केवळ ऑलिव्हिएचे शब्द उचलून रोलाँला दोषी ठरविणाऱ्या वाचनात ही दुसरी बाजू निसटते.

भाषेचा पुरावाही सावध करणारा आहे. मर्यादेची बाजू घेणारा ऑलिव्हिए 'मझ्यूर' हा शब्द उच्चारतो. तिच्या विरुद्ध टोकाला तो मूर्खपणा या अर्थाचा शब्द ठेवतो. देमझ्यूरशी नाते सांगणारे क्रियाविशेषण ऑक्सफर्डच्या संहितेत येते ते रोलाँच्या मृत्यूपूर्वी फ्रान्सवर कोसळणाऱ्या वादळाच्या वर्णनात, बेसुमार पाऊस आणि गारा यांच्यासाठी. मरणाऱ्या साथीदारांना उद्देशून रोलाँ जो शोक करतो, त्यातील एका शब्दयोगी अव्ययाचा अर्थ 'माझ्यासाठी' असाही होतो आणि 'माझ्यामुळे' असाही. अपराधाची कबुली आणि निष्ठेचा गौरव या दोन्ही शक्यता एका अव्ययात सामावल्या आहेत. अखेरीस तो पापांची क्षमा मागतो, पण शिंगाच्या नकाराचा वेगळा उल्लेख करीत नाही. आपला उजवा हातमोजा तो ईश्वराला अर्पण करतो आणि देवदूत गाब्रिएल तो स्वीकारतो. हातमोजा देणे ही मांडलिकाची कृती आहे. पृथ्वीवरील निष्ठेचा शेवट त्याच भाषेत स्वर्गातील स्वामीपाशी होतो.

समीक्षकांचा मतभेद यातूनच उद्भवला. पिएर ल झांतील यांच्यासारख्या अभ्यासकांनी अतिरेकापासून नम्रतेकडे झालेला रोलाँचा प्रवास पाहिला. तर १९७८ मध्ये काव्याची सटीक आवृत्ती सिद्ध करणारे जेरार्ड ब्रॉल्ट यांनी रोलाँकडे हा दोष असल्याचेच नाकारले. एरिश आउअरबाख यांनी १९४६ च्या 'मिमेसिस'मध्ये या काव्याच्या शैलीविषयी केलेले विवेचन येथे उपयोगी पडते. या काव्यातील विधाने कारणदर्शक उभयान्वयी अव्ययांनी जोडलेली नसतात. ती एकापुढे एक उभी केलेली असतात. 'लेस' म्हणजे समान स्वरप्रासाने बांधलेला ओळींचा गुच्छ. महत्त्वाचा प्रसंग आला म्हणजे तोच क्षण दोन-तीन लेसांतून पुन्हा सांगितला जातो. शिंगाचा नकार असाच पुनरावृत्त होतो. श्रोता त्या क्षणापाशी रेंगाळतो, पण 'म्हणून' किंवा 'तरीही' असे सांगून कवी त्याची सुटका करीत नाही. निवाडा श्रोत्यावर सोपविला जातो.

३

'गिय्योमचे गीत' या काव्यात याच प्रश्नाची वेगळी मांडणी आहे. बाराव्या शतकातील हे काव्य एकाच हस्तलिखितात टिकले असून ते १९०१ मध्ये उजेडात आले. तरुण व्हिव्हियाँ शत्रूची संख्या पाहून सेनानायकांना सल्ला देतो, की गिय्योम यांना बोलवावे. म्हणजे येथे वीर स्वतःच ऑलिव्हिएची भूमिका घेतो. परंतु विजयाचे श्रेय गिय्योमला मिळेल या मत्सराने सल्ला फेटाळला जातो आणि फेटाळणारेच पुढे पळून जातात. व्हिव्हियाँ मात्र रणातून माघार न घेण्याच्या, ईश्वराला दिलेल्या वचनाने बांधलेला आहे. तहानेने आणि जखमांनी व्याकूळ होऊन तो एकदा मेरीमातेकडे मरणापासून रक्षण मागतो आणि लगेच पस्तावतो, कारण जे ख्रिस्ताने स्वतःसाठी मागून घेतले नाही ते आपण मागितले. विवेक आणि अतिरेक येथे दोन मित्रांत विभागलेले नाहीत. एकाच मनात नांदतात. त्यामुळे शूर म्हणजे अविवेकी, हे सोपे समीकरण मोडते.

४

प्रतिष्ठेचा अतिरेक रोलाँमध्ये उदात्त रूप घेतो. 'राउल द कांब्रे' या बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात त्याचे भीषण रूप दिसते. येथेही इतिहासाचा धागा आहे. व्हेर्मांद्वाच्या एर्बेरच्या मृत्यूनंतर त्याच्या प्रदेशावर चालून गेलेला राउल ९४३ मध्ये एर्बेरच्या मुलांकडून मारला गेला, अशी नोंद फ्लोदोआर याच्या वार्षिक वृत्तान्तात आढळते.

काव्यातील अनर्थाची सुरुवात राजा लुई करतो. राउल पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेला; त्याची कांब्रेची जहागीर राजा दुसऱ्याच सरदाराला देऊन टाकतो. राउल मोठा होऊन हक्क मागतो तेव्हा राजा ती परत न घेता, जी जहागीर यापुढे रिकामी होईल ती तुला, असे वचन देतो आणि चाळीस सरदार जामीन राहतात. एर्बेर मरतो, त्याला चार पुत्र आहेत, तरी राउल ती जहागीर मागतो. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करावयाची, असा हा व्यवहार आहे. राउलची आई आलेइस त्याला परावृत्त करू पाहते; तो तिचा अपमान करतो आणि संतापाच्या भरात ती त्याला शाप देते. मर्यादेचा आवाज येथे आईचा आहे, आणि तोही अखेर अतिरेकाच्याच भाषेत बोलू लागतो.

राउलजवळ वाढलेला, त्याच्याच हातून नाइटपद मिळालेला बेर्निए हा एर्बेरच्या एका मुलाचा अनौरस पुत्र. म्हणजे स्वामी एकीकडे, पिता आणि चुलते दुसरीकडे. बेर्निए स्वामीबरोबर राहतो. राउल अभय दिल्यानंतरही ओरिन्यी हे गाव व तेथील मठ जाळतो. बेर्निएची आई मार्सां त्या मठाची प्रमुख. तिच्या छातीवरील स्तोत्रग्रंथ पेटलेला बेर्निए पाहतो. त्याच दिवशी राउल मेजवानीसाठी मांस मागवितो, तेव्हा आज गुड फ्रायडे असल्याचे कारभारी त्याला भयचकित होऊन सांगतो. उपवासाचा विसर पडला होता असे म्हणून राउल बुद्धिबळ मांडण्यास सांगतो. जोगिणींना जाळणारा हात मांसाला मात्र शिवत नाही. नियम शिल्लक आहेत, पण त्यांतील लहानमोठेपणाचे माप हरवले आहे. देमझ्यूर या शब्दाचा मूळ अर्थ, मापाचा अभाव, येथे शब्दशः साकार होतो.

तथापि काव्याचे खरे सामर्थ्य बेर्निएच्या चित्रणात आहे. स्वामी कितीही दुष्ट असला तरी तो स्वामी आहे, या भावनेने तो आईच्या मृत्यूपर्यंत टिकून राहतो. राउल भाल्याच्या तुटलेल्या दांड्याने त्याचे डोके फोडतो, तेव्हा कोठे तो त्याला सोडतो. आधुनिक वाचकाला हा क्रम चमत्कारिक वाटेल. परंतु मांडलिकाच्या देहावर स्वामीने केलेला प्रहार हे संबंध तोडण्याचे निर्विवाद कारण ठरते. बेर्निएची निष्ठा कायद्याच्या शेवटच्या रेषेपर्यंत जाते. तिला निष्ठेचा अतिरेक म्हणावयाचे, की नियमाचे पालन? या काव्यात दोन्ही एकच आहेत. त्यानंतर राउल विलक्षण भरपाई देऊ करतो : शंभर सरदारांसह, बेर्निएचे खोगीर डोक्यावर घेऊन, मैलोगणती चालत जाण्याची त्याची तयारी आहे. बेर्निए नाकारतो. अपराधाप्रमाणे क्षमायाचनाही बेसुमार असल्याने तडजोडीस जागा उरत नाही.

रणात हात तुटलेला शत्रू जीवदान मागत पळत असता, ईश्वरही तुला वाचविणार नाही असे राउल म्हणतो आणि थोड्याच वेळात बेर्निएच्या हातून मारला जातो. त्याचा काका गेरी दोन मृत योद्ध्यांची शरीरे उघडून पाहतो. एका धिप्पाड सरदाराचे हृदय लहान मुलाएवढे, तर राउलचे नांगराच्या बैलाशी तुलना करावी इतके मोठे. कवीने राउलची कृत्ये पुरेशी निषेधार्ह दाखविली आहेत. तरीही हे हृदय तो श्रोत्यांपुढे ठेवतो. गौरव आणि निषेध यांत निवड करण्याचे तो नाकारतो. उत्तरभागात बेर्निए गेरीचा जावई होतो. परंतु राउल पडला त्या जागी आल्यावर बेर्निएच्या तोंडून सुस्कारा निघतो आणि गेरी रिकिबीच्या आघाताने त्याचा प्राण घेतो. ज्याला ठार केले त्याच्याविषयीची निष्ठा मारेकऱ्याच्या मनात अखेरपर्यंत उरते, आणि तीच त्याच्या मृत्यूचे निमित्त होते.

५

या काव्यांत प्रेमाला दुय्यम स्थान आहे, असे सरसकट म्हटले जाते. स्त्रीपुरुषांच्या प्रणयापुरते ते बव्हंशी खरे आहे. रोलाँच्या मृत्यूची वार्ता ऐकणाऱ्या ओदला शार्लमेन आपला पुत्र लुई देऊ करतो. ती शब्द विचित्र मानते आणि तेथेच प्राण सोडते. अवघ्या काही ओळींचा हा प्रसंग. रणातील निष्ठेला जी कसोटी लावली जाते, तीच ती स्वतःला लावते. स्वामी बदलता येतो, जहागिरीची भरपाई होऊ शकते. परंतु माणसाची अदलाबदल होत नाही, हे तिच्या मृत्यूने शार्लमेनला कळते.

प्रेमाचा खरा अतिरेक मैत्रीत आहे. इ. स. १२०० च्या सुमारास रचलेल्या 'आमी आणि आमील' या काव्याचे नायक हुबेहूब एकमेकांसारखे दिसतात. आमीलवर शार्लमेनच्या मुलीशी संबंध ठेवल्याचा आरोप येतो. आरोप खरा असल्याने त्याला निर्दोषत्वाची शपथ घेऊन द्वंद्व लढता येत नाही. म्हणून आमी त्याच्या जागी लढतो. त्याची शपथ अक्षरशः सत्य असते. परंतु विजयानंतर, स्वतः विवाहित असूनही, त्याला आमीलच्या नावाने राजकन्येशी वाङ्निश्चय करावा लागतो आणि त्याच्या शिक्षेदाखल त्याला कुष्ठरोग होतो. पत्नी त्याला दूर लोटते. पुढे आमीलला कळते, की आपल्या दोन मुलांच्या रक्ताने मित्र बरा होईल. तो त्यांना ठार करतो. आमी बरा होतो. आणि मुले चमत्काराने पुन्हा जिवंत आढळतात.

हा शेवट भाबडा समजून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु चमत्कार काय करतो, हे पाहावे. मित्राचे ऋण आणि पित्याचे कर्तव्य यांचा संघर्ष माणसांच्या पातळीवर सुटणारा नाही, हे काव्य मान्य करते. म्हणून आमीलचे कृत्य योग्य ठरविले जात नाही; त्याचे परिणाम तेवढे पुसून टाकले जातात. जी मर्यादा राजाला घालता आली नाही, ती येथे ईश्वराच्या हस्तक्षेपाने घातली जाते.

अतिरेक वीराच्या अंगी इतका मुरलेला असतो, की पश्चात्तापातही तो सुटत नाही. 'रनो द मोंतोबाँ' या काव्यात बुद्धिबळाच्या भांडणात रनो शार्लमेनच्या पुतण्याला पटानेच ठार करतो आणि त्यातून प्रदीर्घ वैर पेटते. त्याचा पिता एमों राजाशी निष्ठा राखून स्वतःच्या पुत्रांविरुद्ध उभा राहतो. शेवटी सर्व सोडून रनो कोलोन येथे चर्चच्या बांधकामावर मजूर होतो. कित्येकांचे ओझे तो एकटा वाहतो आणि मजुरी नाममात्र घेतो. परिणामी इतर मजुरांच्या पोटावर पाय येतो. ते त्याला ठार करून ऱ्हाइन नदीत टाकतात. रणांगणावरचे औदार्य मजुरांच्या जगात अन्याय ठरते. संतपदाला पोचलेला रनोही माप शिकलेला नाही.

६

आता रोलाँच्या काव्याच्या उत्तरार्धाकडे पुन्हा पाहू. गानलोंचा खटला हा या साऱ्या प्रश्नाचा कायदेशीर सारांश आहे. आपण राजासमक्ष रोलाँला उघड आव्हान दिले होते. तेव्हा हा सूड आहे, राजद्रोह नव्हे, असा गानलोंचा बचाव आहे. जुन्या नीतीनुसार तो पोकळ नाही आणि म्हणूनच सरदार त्याला सोडून देण्याकडे झुकतात. शार्लमेन हतबल होतो. तिएरी हा एकटाच पुढे येऊन म्हणतो, की रोलाँने गानलोंचा अपराध केला असला तरी तो राजाच्या सेवेत होता आणि ती सेवा हेच त्याचे कवच होते. व्यक्तीव्यक्तींमधील वैराहून मोठी अशी एक सार्वजनिक बांधिलकी असते, हा विचार येथे प्रथम उच्चारला जातो. परंतु तो सिद्ध होतो तर्काने नव्हे, तर द्वंद्वयुद्धाने; आणि पराभूत पक्षाचे जामीन राहिलेले तीस आप्त फासावर जातात. मर्यादेची स्थापनासुद्धा प्रमाणाबाहेर जाते. शेवटी देवदूत नवी मोहीम सांगतो आणि वृद्ध शार्लमेन रडतो.

विल्यम कॅलिन यांनी १९६२ मध्ये बंडखोर सरदारांच्या काव्यांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. राजनिष्ठ वीरांची काव्ये आणि बंडखोरांची काव्ये हा भेद सोयीचा आहे. तथापि वरील विवेचनातून दिसते, की दोहोंच्या मुळाशी एकच पेच आहे. ऑलिव्हिए, आलेइस आणि तिएरी यांचे म्हणणे बरोबर आहे. पण ऑलिव्हिएला आज्ञा देता येत नाही, आलेइसच्या हाती शापाखेरीज काही नाही आणि तिएरीला आपले म्हणणे तलवारीने सिद्ध करावे लागते. प्रत्येक गुणाला थांबविणारी एखादी मान्य संस्था जेथे नसते, तेथे गुणवान माणसेच सर्वांत मोठा विध्वंस घडवितात, असे ही काव्ये सुचवितात. भित्र्या माणसाच्या हातून ओरिन्यी जळत नाही आणि उदासीन मित्र मुलांचा बळी देत नाही.

म्हणून रोलाँ अपराधी की हुतात्मा, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असे देऊनही भागत नाही. कीर्तीच्या भयाने त्याने शिंग फुंकले नाही. त्याच नकारामुळे त्याची कीर्ती गायिली गेली. गीताला अतिरेक हवा असतो आणि समाजाला मर्यादा. वीरकाव्याचा गायक या दोन गरजांच्या मधोमध उभा असतो. वीस हजार मृतांचा हिशेब तो लपवीत नाही आणि शिंगाचा नादही मंद करीत नाही. ज्या श्रोत्यांपुढे तो गात असे, ते स्वतः स्वामी, मांडलिक, आप्त आणि मित्र होते. उद्या त्यांच्यापुढेही हाच पेच उभा राहणार होता.